ताडपत्रीखालची गाडी

बुओना व्हिस्टा, सिंगापूर
४ मार्च २००७

विनीता,

पहिला आला तो निशिकांत. चारला येतो म्हणाला होता आणि साडेतीनलाच गेटवर उभा. गार्डचा फोन आला, "मॅडम, गेस्ट." मला मॅडम म्हटलं की अजून हसू येतं. मी गाऊनवरच होते, धावत जाऊन लुगडं नेसले, तोवर तो बूट काढून हॉलमध्ये. कोहसाहेब मागाहून आले. निशिकांतचा चिनी मित्र, इथलाच, जुन्या मोटरसायकली गोळा करतो. बोटं काळी, पण माणूस भला. हातात दोन संत्री. त्यांचा नव्या वर्षाचा सण चालू आहे, त्यात संत्री जोडीनंच देतात म्हणे. आणि गंमत ऐक, घरच्यांनी पाहुण्याला निघताना दोन संत्री परत द्यायची. पाहुणा रिकाम्या हातानं जाता कामा नये. मी म्हटलं, अहो, हे तर आमच्या बार्शीचंच झालं! निशिकांतनं इंग्रजीत सांगितलं तेव्हा कोहसाहेब किती हसले.

वर चि. सौ. लिहिलं नाही म्हणून रुसू नकोस. सौ. लिहायचं की नाही ते आता तुझ्या वकिलाला विचारावं लागेल. मी चौथी शिकलेली बाई, चुकेल बिकेल.

तर गाडी बघायला तूच पाठवलेले पाहुणे, म्हणून सगळं व्यवस्थित केलं. पोहे केले, वर टेक्का बाजारातून आणलेला ओला नारळ. निशिकांत तीनदा घेऊन जेवला. बायको माहेरी गेलीय त्याची, अंजली नाव, दिवस गेलेत. मी म्हटलं, मुलगी होऊ दे, मुली आजीला धरून असतात. तो हसला. तुमच्या तिकडच्या विद्यापीठात तुझ्या भावाबरोबर, अभयबरोबर होता, हे मला ठाऊकच नव्हतं. तू कधी सांगितलंस का? एक गोष्ट सांगितली नाहीस मला या घरात.

मग आम्ही पॅटिओत, तुमच्या त्या अंगणात गेलो. ताडपत्री निघाली मात्र, निशिकांत खाली फरशीवर बसला की गं. तुझी ती बर्फावर पळायची पिवळी-काळी गाडी, माझ्या डोळ्याला गेली चार वर्षं नुसती अडगळ. त्यानं बॉनेटवरच्या सत्तावीस आकड्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आजी, हा आकडा अभयनं स्वतः रंगवलाय. मी डबा धरला होता."

मग सुरू झाला. ऐंशी सालची. चारशे चाळीस सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, रेसलाच बनवलेली. गोठलेल्या तळ्यावर ताशी शंभर मैल. मी विचारलं, शंभर मैल म्हणजे किती ते मला कळेल असं सांग. म्हणाला, "बार्शी ते पुणे सव्वा तासात." अगं बाई! आमची एसटी तेवढ्या वेळात कुर्डुवाडीच्या स्टँडवर चहा पीत असते.

कोहसाहेब बॅटरी घेऊन पोटाखाली शिरले होते. तिथे म्हणे पत्र्यात पाणी खेळवलंय. गाडी पळताना बर्फ उडून त्या पत्र्याला लागतो आणि इंजिन थंड राहतं. बर्फ नसला तर स्वतःच्याच उष्णतेनं भाजून निघते. मी म्हटलं, अशा गाडीला सिंगापूरला आणणारी माझी सून. दोघंही हसले.

पण मला एक कोडं होतं, ते विचारून घेतलं. आताच्या नव्या गाड्या हिच्याहून जोरात असतील ना? निशिकांत म्हणाला, दुप्पट ताकद, खड्ड्यातून गेलं तरी कंबर शाबूत. मग हिची किंमत कशाची? म्हणाला, "पळण्याची नाही आजी. हिला कुणी हात लावला नाही, त्याची. अशा गाड्या लोकांनी रंगवल्या, भलती इंजिनं घातली, मोडल्या. ही, तो आकडा सोडला तर, कारखान्यातून निघाली तशीच आहे. सीट तीच, बॉनेट तेच, कार्ब्युरेटरसुद्धा मूळचे. लोक अशी शोधत वर्षानुवर्षं फिरतात."

"आणि एखादा भाग गेला तर?"

"मग ते सुटे भाग, आजी. गाडी राहत नाही."

बघ, केवढं शहाणपण. तुझ्या विम्याच्या कागदावर लिहायला तो सगळं टिपून घेऊन गेला आहे. तू मात्र मला शिकवलंस ते एवढंच, की हात लावू नका.

तुझ्या मनात काय आहे तेही त्यानंच सांगितलं. अभयला जाऊन या डिसेंबरात दहा वर्षं होतील. त्या दिवशी, अभय पळवायचा त्याच तळ्यावर गाडी न्यायची आणि तू नि इरानं मिळून इंजिन चालू करायची दोरी ओढायची. अभयनं शेवटची बंद केली त्यानंतर तिचा आवाज कुणी ऐकलेला नाही. आजारात तो तुला म्हणाला होता म्हणे, आता सुरू करशील तेव्हा भाचीला मागे बसव. तेव्हा तर इरा तुझ्या पोटात. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. खरंच आलं, लबाड नाही बोलत.

निघताना कोहसाहेबांना दोन संत्री परत दिली, निशिकांतला डिंकाचे लाडू. ताडपत्री बांधून टाकली, तू दाखवलीस तशीच गाठ.

इराला माझा पापा.

आई


२५ मार्च

विनीता,

तुझा फोन आला आणि दिवसभर मला काही सुचलं नाही. "आई, थँक यू, तुम्ही एवढं जपलंत." बारा वर्षं झाली तुमच्या लग्नाला, तुझ्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. तुझ्या नवऱ्याला, विश्वासला सांगितलं तर तो नुसता हं म्हणाला. त्याचं जुरोंग आयलंडवर शटडाऊन चाललंय, सगळा कारखाना बंद करून धुतात-पुसतात तसं काहीतरी. अंधारात कंपनीची बस पकडतो, अंधारात येतो. हातावर पोळीभाजी घेऊन उभ्यानं जेवतो. त्याला या दिवसांत पॅटिओ दिसतसुद्धा नाही. कळव म्हणालीस म्हणून कळवते, वजन घटलंय. तू विचारलं नव्हतंस, आत्ता आठवलं.

मग मी म्हटलं, जरा इराला दे. तू रिसीव्हरवर हात ठेवलास, पण नीट ठेवला नाहीस बरं का.

"टेल हर आय ॲम नॉट होम."

चार वर्षं सिंगापुरात काढलीत गं मी. लिफ्टमधल्या पोरांचं ऐकते, फिशबॉलवाल्याशी भांडते. एवढं इंग्रजी येतं. आवाज किती मोठा झालाय तिचा! आणि मग तू: "आई, इरा मैत्रिणीकडे गेलीय." जराही अडखळली नाहीस. मी पण म्हटलं, बरं बरं, खेळू दे.

ती पोर माझ्या हातानंच जेवायची, आठवतं ना? त्या गाडीवर बसायची, हँडल धरायची आणि मी एकेक घास वरणभाताचा. "आजी, फास्टर लाह!" असं इथल्या पोरांसारखं ओरडायची. घास तोंडात आणि गाडी जागच्या जागी. तू ऑफिसातून आलीस की मी शितं पुसून काढायची, कारण गाडीला हात लावायचा नसतो. सीटच्या शिवणीत एक शीत राहिलं होतं तेव्हा काय बोलली होतीस, ते काही मी लिहीत बसत नाही.

आणि गेल्या जूनचं. मी बाजारातून आले तर कपाटं मोकळी. इराचं कपाटही. दोन तासांनी विमानतळावरून तुझा फोन. मला वाटलं, आता सांगशील पोरीचं. तू म्हणालीस, "आई, ताडपत्री घट्ट बांधा. आणि गाडीवर पापड वाळत घालू नका." संपलं. फोन बंद. नऊ महिने झाले, मी एक पापड घातला नाही त्यावर. तुम्ही इथे होतात तोवर मी लोखंडी दाराच्या त्या खोलीत झोपले, जी बॉम्ब पडला तर लपायची असते, खिडकी नाही, हवा नाही. आणि गाडीला मात्र तू पत्र्याचं छप्पर घालून घेतलं होतंस. आता मी इराच्या खोलीत झोपते. भिंतीवरचे तिचे तारे रात्री चमकतात, छान वाटतं.

जाऊ दे. आनंदाची बातमी लिहायची राहूनच गेली. काल निशिकांतला पुन्हा बोलावलं होतं. साबुदाण्याची खिचडी केली. अभयच्या गोष्टी सांगत बसला, बर्फात तंबाखू गोठायची वगैरे. जाताना रडला आणि हसला, दोन्ही. एवढं मोठं गाठोडं कवेत धरून गेला की टॅक्सीच्या डिकीचं झाकण लागेना. टॅक्सीवाला कुरकुरला. काय दिलं म्हणून विचारू नकोस. आमच्याकडे पाहुण्याला रिकामं पाठवत नाहीत, एवढंच.

गाडी विकू नका असं तू फोनवर दोनदा म्हणालीस. विकेन कशी? एक पैसा कुणाकडून घेणार नाही, देवाशपथ.

आई


२२ एप्रिल

विनीता,

विश्वासनं तुला फोटो पाठवला ना? मीच म्हटलं, ताडपत्री काढू नकोस, गाठ बसलीय, उगाच ओरबाडेल. बाहेरूनच काढ. बिचारा बसच्या घाईत होता, काढला आणि पळाला. फोटोत गाडी जरा फुगलेली वाटते असं तू लिहिलंस म्हणे. फुगलेलीच आहे. इथली हवाच अशी, सगळं फुगतं. दारं फुगतात, मीठ फुगतं, माझी बोटं फुगतात.

मजेत आहे मी. न्हाणीघरात आता पाय घसरत नाही. छान जाड रबरी पट्टी मिळाली, आडवे आडवे दात असलेली, पाणी खालून निघून जातं. उरलेली तुळशीच्या कुंडीखाली घातली आहे. शेजारची मलय बाई विचारत होती, आंटी, कुठे मिळाली? मी म्हटलं, लिमिटेड माल.

कोहसाहेब दोनदा येऊन गेले. त्यांची एक जुनी मोटरसायकल कार्ब्युरेटरवाचून अडली होती. आता अडलेली नाही. मला फोटो दाखवला, चकचकीत. मी खूण करून सांगितलं, फर्स्ट क्लास. ते म्हणाले, "आंटी, यू व्हेरी काइंड." एवढंच त्यांना येतं माझ्याशी बोलायला, पण तेवढं पुरतं.

तू दहा मेला येतेस हे विश्वासनं वाचून दाखवलं. गुरुवार. शुक्रवारी पॅकर्स, रविवारी परत. उतरणार हॉटेलात. का गं, मी खाल्लं असतं का तुला? बरं, हॉटेल तर हॉटेल. येतेस हेच खूप.

पण त्या मेलमध्ये तिकीट एकच दिसलं.

विनीता, हे एवढं मी नीट लिहिते आहे, तूही नीट वाच. इराला आण. दोन दिवसांसाठी आण. माझ्याशी बोलली नाही तरी चालेल, नुसती समोर बसू दे. तिला आवडायची ती मऊ पुरणपोळी करीन, नाही खाल्ली तर मी खाईन. गाडीचं जे महत्त्वाचं असतं, जे पळतं, ते अजून जागच्या जागी आहे. पोरीला आणलंस तर तेही तसंच राहील. मला दुसरं काही मागायचं नाही.

पत्र पोचलं की फोन कर. विश्वासला नको, मला कर.

आई


९ मे, बुधवार

विनीता,

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. ताडपत्रीखाली ठेवणार आहे. मला माहीत आहे, तू आलीस की माझ्या पाया पडणार नाहीस, हॉलमध्ये बसणार नाहीस, पाणीसुद्धा घेणार नाहीस. सरळ पॅटिओत जाशील आणि गाठ सोडशील. तेव्हा हे तुला सगळ्यात आधी सापडेल. इराच्या जुन्या ढकलगाडीच्या दांड्याला सेफ्टीपिननं अडकवलंय. हो, ढकलगाडी. तिच्यावर दोन उशा, विश्वासची जुनी सूटकेस आणि पुढे तांदळाचं पोतं. आकार छान जमलाय की नाही? चार वर्षं रोज बघत होते ना, डोळ्यांत बसला होता.

आता क्रमानं सांगते, म्हणजे तुला शोधत बसायला नको.

मार्चमध्ये इरा घरी नव्हती ना, त्याच आठवड्यात बॉनेट गेलं. ते गाठोडं बॉनेटचं होतं. मी निशिकांतला म्हटलं, विनीतानं तुझ्यासाठी ठेवलंय, अभयची आठवण म्हणून. तो घेईना. "आजी, असं कसं, हिची किंमतच जाईल." मी म्हटलं, तिला किंमत नको, तिला अभयचा मित्र हवा. आणि तिला फोनवर काही बोलू नकोस बाबा, अभयचं नाव निघालं की ती कोसळते, भेटलास की समोरासमोर आभार मान. किती गुणाचा मुलगा! एक अक्षर बोलला नाही तुझ्याशी. गाडीच्या पोटाखालची ती रबरी पट्टी आणि कार्ब्युरेटर कुठे गेले ते तुला आधीच लिहिलंय, तू वाचलं नसशील नीट. माझी पत्रं तू नीट वाचतेस कुठे.

तरी इंजिन ठेवलं होतं मी. इंजिन, दोरी, सीट. शब्दाची पक्की आहे.

मग तुझा फोन आला. मी पीठ मळत होते, पिठाच्या हातानं उचलला. मला वाटलं, इरा. तू म्हणालीस, "आई, इराचा प्रश्नच येत नाही. मी गाडी न्यायला येतेय." मी म्हटलं, अगं पण दोन दिवस. तू म्हणालीस, "तिला तुमची आठवण नाही, आई. उगाच कशाला." शांतपणे म्हणालीस. ओरडली असतीस तर बरं वाटलं असतं.

पिठाचे हात धुतले आणि निशिकांतला फोन केला. रविवारी ये म्हटलं, कोहसाहेबांनाही आण, विनीता म्हणते एकदा गाडी चालू करून बघा.

ते आले. कोहसाहेबांनी कार्ब्युरेटर तेवढ्यापुरते परत आणून बसवले, बाटलीतून तेल मिसळलेलं पेट्रोल ओतलं. दोरी कुणी ओढायची यावर दोघांचं चाललं, तू ओढ, तू ओढ. मी म्हटलं, सरका. एकदा ओढली, काही नाही. खांदा निखळतो की काय असं झालं. दुसऱ्यांदा निशिकांतनं माझ्या हातावर हात ठेवून ओढली.

अगं, काय आवाज! मधमाश्यांचं पोळं फुटावं तसा. निळा धूर, सगळा पॅटिओ भरला. वरच्या मजल्यावरच्या बायका गॅलऱ्यांत. गार्ड धावत आला, त्याच्या हातावर मी लाडू ठेवला, तोही उभा राहून बघायला लागला. निशिकांतनं मोबाईल धरला होता, आवाज भरून घेत होता, आणि रडत होता, "आजी, हाच. अगदी हाच आवाज." अभयनंतर पहिल्यांदा. तू दहा वर्षं ज्याची वाट पाहिलीस तो आवाज मी ऐकला, विनीता. खूप छान होता. तुला सांगावं म्हणून सांगते.

कोहसाहेब मनगटावरचं घड्याळ दाखवायला लागले, "इनफ लाह, टू हॉट!" बर्फ नाही ना इथे. मी धावत फ्रिजमधले बर्फाचे ट्रे आणले आणि त्या पोटाखालच्या पत्र्यावर उलटे केले. चर्र झालं, वाफ झाली, संपलं. हसू आलं मला. निशिकांत म्हणाला, "अजून एकदा, फक्त एकदा," आणि त्यानं कान पिळला तिचा. एकदम चढली, चढली, आणि मग कर्र. पिठाच्या गिरणीत खिळा जावा तसं. बंद पडली. कोहसाहेबांनी दोरी ओढली तर दोरी येईना.

निशिकांत पांढरा पडला. भिंतीला टेकून खाली बसला, "मी काय केलं, आजी, आता विनीताला काय सांगू?" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, तिच्याशी मी बोलते. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, बोलले, ती म्हणाली काही हरकत नाही, इंजिन कोहसाहेबांनी ठेवून घ्यावं. त्यांनी ते उघडलं, त्यांच्या माणसाकडून सिलिंडर कापून मोठे करून घेतले, त्यांच्या कुठल्याशा मोटरसायकलला बसवताहेत. आता ते परत जुळायचं नाही, असं ते स्वतःच म्हणाले. बाकीचं लोखंड, पुढच्या त्या दोन घसरपट्ट्या, हँडल, सगळं भंगारवाल्यानं नेलं. हॉर्न वाजवत फिरतो ना तो, मागच्या सरकारी ब्लॉकांत. तो पैसे देत होता. मी हात जोडले, नको म्हटलं. विकायचं नाही असं तू बजावलं होतंस.

सीट मी ठेवली आहे. इरा बसायची ती. ती तुला मिळणार नाही, माझ्या खोलीत आहे.

विश्वासला ठाऊक आहे का, हे तू विचारशीलच. परवा पहाटे तो बूट घालताना पॅटिओत गेला. ताडपत्रीचं एक टोक उचलून आत बघितलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. बराच वेळ तसाच वाकून उभा होता. मग टोक सोडलं, हातानं सारखं केलं, आणि बस पकडायला गेला. डबा विसरला नाही. रात्री आल्यावर म्हणाला, "आई, दूध संपलंय."

आता उद्या तू येशील. मी घरी नसेन म्हणून घाबरू नकोस, मी घरीच आहे, इराच्या खोलीत. दार लोटलेलं असेल. आरडाओरडा करायचा तर कर, या घराच्या भिंती जाड आहेत, तू गेलीस तेव्हा मी रडले तर शेजारी कुणाला कळलं नव्हतं. पॅकर्सना मात्र आजच फोन करून सांग, नाहीतर उगाच मोठा खोका घेऊन येतील.

आणि एक काम आहे तुला. निशिकांत आणि कोहसाहेब तुला भेटायला येणार आहेत. निशिकांतच्या मनाला फार लागलंय, त्याला तुझ्या तोंडून ऐकायचंय की तू रागावली नाहीस. बॉनेट त्यानं बाळाच्या खोलीत भिंतीवर लावलंय, मुलगा झाला तर नाव अभय ठेवणार म्हणाला. माघारी मागायचं असेल तर माग त्याच्याकडे, माझी ना नाही. आणि तो मोबाईल आणणार आहे, तुला तो आवाज ऐकवायला, सुरुवातीपासून त्या कर्रपर्यंत. पोहे मी करून ठेवीन. जाताना त्यांना तूच काहीतरी दे हातात, रिकामं पाठवू नकोस.

शनिवारी पाचला येतो म्हणालेत.